सव्वाशेर बाजरीला विकलेला वारस

"तुम्ही सैनिकांच्या कचेरीत होता, म्हणजे नेमकं काय करत होता हो?" असं आमच्या सोसायटीतली मंडळी मला विचारतात. मी सांगतो, "नावं चढवत होतो आणि नावं उतरवत होतो." त्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. अहो, थट्टा कसली डोंबलाची! बावीस वर्षं मी तेच केलं आणि त्यातल्या एका नावावरून आजही माझं डोकं तापतं. या अंकाच्या संपादकांनी मला 'नोकरीतले गोड अनुभव लिहा' असं पत्र पाठवलं आहे. गोड हवं असेल तर त्यांनी ते पत्र हलवायाला धाडायला हवं होतं.

आधी काम काय होतं ते सांगतो. लढाईत जायबंदी झालेला शिपाई घरी आला की त्याला अपंगत्वाचं पेन्शन मिळे. त्या पेन्शनला त्याचं कुटुंब जोडलेलं असे. बायको कोण, मुलं किती, त्यांची नावं काय, हे सगळं लांबच्या एका रेकॉर्ड ऑफिसात एका कागदावर लिहिलेलं असे. आणि ते लिहिलेलं कधी असायचं? तो भरती झाला तेव्हा, किंवा फार तर पलटणीत असताना. माणूस घरी आला की त्याचा संसार थोडाच थांबतो? मुलं होतात, काही जातात, बायको मरते, दुसरी येते. हे सगळं त्या कागदापर्यंत पोचवायचं हे माझं काम. कारण नियम असा की शिपाई त्या जखमेनं मेला तर मागं राहिलेल्यांना सरकार पोसणार, पण कागदावर असतील त्यांनाच. नाव नसेल तर पोटचं पोर असलं तरी सरकारच्या लेखी ते जन्मलेलंच नाही.

मी स्वतः लढाईच्या काळात पलटणीत हवालदार-क्लार्क होतो. त्यामुळं सुटल्यावर ही नोकरी मिळाली. कचेरी पुण्यात, आणि माझा फिरतीचा भाग दापोडीपासून थेट चाकणपर्यंत. सायकलवर. आज त्या रस्त्यावर कारखान्यांच्या भिंती संपत नाहीत. पन्नास-पंचावन्नच्या त्या काळात पिंपरीला औषधांचा एक कारखाना नुकता उभा राहत होता, बाकी भोसरी सोडली की दोन्ही अंगांना बाजरी आणि मधूनमधून कांद्याची शेतं. गावोगाव एक तरी लढाईतून आलेला माणूस असायचाच. लोक मला 'भाऊसाहेब' म्हणायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. दापोडीला रेल्वेलगत एक म्हातारे जमादार राहायचे. त्यांचं बायकोशी भांडण झालं की ते पगडी घालून माझ्या कचेरीत हजर. "हिचं नाव काढा!" मी अर्ज लिहून घ्यायचो आणि खणात टाकून द्यायचो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा हजर. "ते काढलं असंल तर परत घाला राव, ती उपाशी बसलीय." असे त्यांचे चौदा अर्ज माझ्या खणात साठले होते. त्यातला एकही मी पुढं पाठवला नाही, आणि नोकरीत मी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट असावी. असा खण मी पुढं शंकरच्या वेळी का वापरला नाही, याचा विचार करकरून माझे केस पिकले.

शंकर चाकणच्या अलीकडच्या एका वाडीचा. शेतकऱ्याचा मुलगा. इटलीत तोफगोळ्याची कपची त्याच्या छातीत शिरली होती आणि डॉक्टरांनी तिच्यातली अर्धीच काढली होती. उरलेली घेऊन तो घरी आला. एक दिवस तो कचेरीत आला तेव्हा जिना चढून आल्यावर पाच मिनिटं त्याला बोलताच येईना. मी पाणी दिलं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "डाक्टर म्हनला, दोन हिवाळं काढलंस तर लई. पोराचं नाव चढवायचं हाय."

"चढवू की. जन्माचा उतारा आणलास?"

त्यानं पाटलाच्या दप्तरातला उतारा पुढं केला. मी वाचला. मुलाचं नाव पीरमहंमद. बापाचं नाव इस्माइल मुलाणी.

"अरे, हा दुसऱ्याच्याच पोराचा उतारा आणलास तू!"

"न्हाई," शंकर खाली बघत म्हणाला. "त्योच हाय. माझाच हाय त्यो. विकलाय."

मी त्या रविवारी सायकल काढून वाडीवर गेलो, तेव्हा मला सगळं कळलं. शंकर परदेशात लढत होता तेव्हा त्याची दोन मुलं देवीच्या साथीत गेली. तिसरं, तो परत आल्यावर झालं आणि वर्षाच्या आत गेलं. भरतीसाठी त्या वाडीत सरकारची मोटार तीनदा आली होती. लस टोचायला कोण आलं होतं? कुणी नाही! जवान न्यायला रस्ता सापडतो, पोरं वाचवायला सापडत नाही, हे मी तेव्हाही साहेबासमोर म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

चौथ्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा शंकरच्या बायकोनं, सुंदराबाईनं, आपल्याकडं जुनी रीत आहे ती केली. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथलं तान्हं पोर सुपात घालायचं आणि दुसऱ्याला विकायचं. म्हणजे मृत्यू दारात आला तरी त्याला त्या घरात पोर सापडत नाही. शेजारच्या इस्माइल मुलाण्याचं घर लेकराबाळांनी भरलेलं, एकही गेलेलं नाही. त्यानं सव्वाशेर बाजरी मोजून दिली, सूप उचललं आणि आपल्या उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवलं. पोराचं नाव ठेवलं पिरू. मग इस्माइलच्या बायकोनं, अमिनानं, सुंदराबाईला 'दूध पाजायला' कामावर ठेवलं. दर दिवाळीला त्या कामाबद्दल एक चोळीचा खण! आई आपल्याच पोराला पाजत होती, तिच्याच घरात ते निजत होतं, खात होतं, पण तिला 'काकू' म्हणत होतं. लग्नाची हळद लागायच्या आधी इस्माइलनं पोर परत द्यायचं आणि आईनं त्याच्या घरी लुगडं न्यायचं, तोवर हे असंच चालायचं.

असं विकलेलं पोर मी पूर्वीही पाहिलं होतं. पण शंकरनं एक जास्तीची गोष्ट केली. तो पलटणीत राहिलेला माणूस. कागदाचा वचक त्याच्या हाडात मुरलेला. तो पाटलाकडं गेला आणि जन्माच्या नोंदीतसुद्धा बाप म्हणून इस्माइलचं नाव घालून घेतलं.

"असं का केलंस रे बाबा?" मी कपाळावर हात मारून विचारलं.

"तोंडानं विकायचा आन् कागदावर आपला ठिवायचा, ही लबाडी झाली न्हवं?" तो म्हणाला. "कागद बघून परत आला असता तर?"

कोण परत आला असता, हे त्यानं सांगितलं नाही. पोर समोरच होतं, पाचेक वर्षांचं, एका नाकपुडीत विकलेल्या पोराला घालतात ती बारीक वाळी. शंकरची हनुवटी जशीच्या तशी. आंधळ्यानंसुद्धा चाचपून सांगितलं असतं, हे कुणाचं. आणि शंकरच्या कागदावर काय होतं माहीत आहे? ती लढाईच्या काळात देवीनं गेलेली दोन्ही मुलं! ती उतरवायला कुणी गेलंच नव्हतं. त्यांच्या नावचा भत्ता शंकरनं कधी उचलला नाही, पण नावं होती. मेलेली दोघं सरकारदरबारी जिवंत, आणि जिवंत असलेला एक सरकारला ठाऊकच नाही.

मी अर्ज लिहिला. ही रीत काय आहे, का करतात, हे समजावणारी दोन पानं माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत लिहिली. महिन्याभरानं रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. खुलासा उद्बोधक आहे, सदर विक्रीचे खरेदीखत जोडावे. शिवाय मुलांची विक्री हा गुन्हा असल्याने पोलिसांना कळवले आहे काय, तेही कळवावे.

आता काय करावं सांगा! मी ते पत्र टेबलावर आपटलं. शेजारचा कारकून हसला, मी त्याला हसू नको म्हणून झापलं. पुन्हा लिहिलं की ही विक्री खरी नव्हे, लटकी आहे. उत्तर आलं, लटकी असल्यास मूळ नोंद खोटी ठरते, खोटी नोंद देणाऱ्यावर कारवाई का करू नये? हे कळल्यावर पाटील असा टरकला की त्यानं मला दारातच सांगितलं, "भाऊसाहेब, मला त्यातलं काय बी म्हाईत न्हाई. सांगितलं तसं लिव्हलं." मग मी दत्तकाची वाट चाचपली. उत्तर आलं की परधर्मीयाचे मूल दत्तक घेता येत नाही. म्हणजे शंकरला स्वतःचा मुलगा स्वतःला दत्तक घेण्याचीही सोय नव्हती!

मी आमच्या साहेबाकडं गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता. बूट चकचकीत ठेवायचा आणि फाइल त्याहून चकचकीत. "बापाचं म्हणणं स्वार्थाचं धरतात," तो म्हणाला. "सुईण आणि आई, दोघींना मामलेदारासमोर शपथेवर सांगू दे, की हा मुलगा हिच्या पोटचा. मग मी भांडतो."

"सुईण वारली, साहेब."

"मग आई. तेवढं पुरेल. पण आईच्या तोंडून पाहिजे."

मी आनंदानं वाडी गाठली. वाटलं, सुटलो! ओट्यावर बसून सुंदराबाईला सगळं सांगितलं. खेडला मामलेदाराकडं यायचं, देवाची शपथ घ्यायची, आणि एकच वाक्य म्हणायचं, 'पिरू माझा मुलगा आहे.'

ती उभी होती ती खाली बसली. "ते तेवडं सांगू नका," म्हणाली.

"एक वाक्य, बाई!"

"तिघं गेली माझी, भाऊसाहेब. त्या तिघांस्नी मी 'माझं, माझं' म्हनत हुते. ह्याला मी येकदा बी म्हनलं न्हाई. म्हनून हाय त्यो."

मी समजूत घातली. मग आवाज चढवला. आणि मग, सांगायला लाज वाटते, मी त्या बाईवर ओरडलो. आजारी नवरा आत खोकत होता आणि मी अंगणात ओरडत होतो. "हा उद्या गेला तर तुझ्यापुरतं तुला मिळेल, पण पोराला काही नाही! शाळा नाही, कपडा नाही. उपाशी ठेवणार आहेस त्याला?"

ती शांतपणे म्हणाली, "उपाशी ऱ्हाईल, पर ऱ्हाईल."

मला राग आला होता, तिचाच आला होता, हे कबूल करतो. अडाणी म्हणालो मी तिला. पण घरी जाताना मोशीच्या चढावर सायकल ढकलताना मनात आलं, तिनं तिघांना पुरलं आहे, मी एकही नाही. मी कशाच्या जोरावर शहाणा?

पुढच्या खेपेला इस्माइल आणि अमिना माझी वाट बघत वाडीच्या वेशीवरच उभे होते. इस्माइल म्हणाला, "मी येतो, साहेब. कुरानावर हात ठेवतो, त्यो माझा न्हाई. मला तुरुंगात घालायचं तर घाला."

"तुझ्या सांगण्यानं भागत नाही. आई पाहिजे."

अमिना पदर पुढं ओढून घेत म्हणाली, "मंग मी येते की सुंदरा म्हनून. डोईवरनं पदर घेतला तर मामलेदाराला काय वळखू येतंय? मी सांगते, पिरू माझ्या पोटचा. अंगठा बी देते."

त्या पोराला विकत घेणारी आई त्याच्या खऱ्या आईचं सोंग घेऊन शपथेवर सांगायला तयार होती, की पोर खऱ्या आईचं आहे. म्हणजे सुंदराबाईला तोंड उघडावं लागणार नव्हतं आणि पिरूचं नाव चढणार होतं. मामलेदारासमोर ओळख पटवणारा कोण होता? मीच! मी 'हीच ती' म्हटलं असतं की काम फत्ते.

आणि मी काय म्हणालो? "छे, छे. असलं खोटं माझ्या हातून होणार नाही. माझी नोकरी प्रामाणिकपणाची आहे."

प्रामाणिकपणा! जमादाराचे चौदा अर्ज खणात कोंबताना तो कुठं गेला होता? तेव्हा माझं काही पणाला नव्हतं, इथं माझी नोकरी होती, एवढाच फरक. त्या प्रामाणिकपणाचा मला तीस वर्षं राग येतो आहे. सगळ्या आक्षेपांपेक्षा, त्या खरेदीखत मागणाऱ्या बेअक्कल कारकुनापेक्षा जास्त.

शंकरनं दुसरा हिवाळा काढला नाही. पौषात गेला. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. अग्नी कुणी द्यायचा यावर कुणी एक शब्द काढला नाही. चुलतभाऊ मडकं घेऊन पुढं झाला. पिरू इस्माइलच्या खांद्यावर बसून बघत होता. "काका कुठं चाललं?" असं त्यानं विचारलं, आणि इस्माइलनं मान दुसरीकडं वळवली. रोज ज्याच्या ताटात जेवायचा त्या बापाला तो काका म्हणत होता. मी मिलिटरीत माणसं मरताना पाहिली आहेत, पण मला तिथं उभं राहवेना.

पंधरा दिवसांनी रेकॉर्ड ऑफिसचा फॉर्म आला. मयताचे वारस, स्थानिक चौकशी करून, माझ्या सहीनं. मी पाटलाला विचारलं, त्यानं दप्तर दाखवलं. अग्नी कुणी दिला? चुलतभावानं. आईला विचारलं. तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मला मूल न्हाई." जुनी दोन नावं उतरवायची होती, ती मी उतरवली. ती तरी कशी पटकन उतरली! त्याला ना शपथ लागली, ना मामलेदार. मग मुलांच्या रकान्यात माझ्या हातानं लिहिलं, 'नाहीत'. खाली सही केली. त्या दिवशी घरी बायकोनं वाढलेलं ताट मी तसंच सारलं, आणि तिनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पिरूचं पुढं काय झालं, असं वाचकांना वाटेल म्हणून सांगून टाकतो. तो जगला. सातवीनंतर शाळा सुटली, कारण फीला कुणी नव्हतं. सायकली दुरुस्त करायचं शिकला, पुढं पिंपरीला एका कारखान्यात लागला. लग्नात इस्माइलनं त्याला रीतसर परत दिलं. जी शाळा त्याला सरकारकडून मिळायची ती मिळाली नाही, आणि त्या पेन्शनमधला त्याचा हक्क कुणी कधी दिला नाही. हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार. कुणाला कंटाळा आला तर येऊ दे.

पण मला सांगायचं आहे ते त्या मंजुरीच्या दिवसाचं. शंकर गेल्यावर चार महिन्यांनी हुकूम आला. विधवेस मंजूर. मुलांबद्दल एक ओळ. त्याची नक्कल घेऊन मी वाडीवर गेलो. मनात ठरवलं होतं, बाई शिव्या घालील, घालू दे. आपण ऐकून घ्यायच्या.

सुंदराबाई अंगणात कांदे निवडत होती. मी कागद पुढं केला आणि तुटकपणे सांगितलं, "तुझं झालं. पोराचं झालं नाही."

तिनं हात पदराला पुसले. "काय लिव्हलंय त्येच्यावर?"

"तुझं नाव आहे."

"त्ये न्हवं. पोराचं काय लिव्हलंय?"

मी अडखळलो. "लिहिलंय, की मयताच्या पश्चात जिवंत मूल नाही."

"सरकारनं लिव्हलंय?"

"हो."

"शिक्का हाय?"

मी तिला जांभळा शिक्का दाखवला. ती उठली. आतून हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आली. नवरा गेल्यापासून तिनं ती हातात घेतली नसेल. मी नको म्हणायच्या आत तिनं त्या सरकारी हुकमावर, बरोबर शिक्क्याच्या शेजारी, हळदीचं बोट उमटवलं आणि कुंकवाचं उमटवलं. मग कागद माझ्या हातात परत दिला.

"आता वाचा," म्हणाली. "मोठ्यानं वाचा, भाऊसाहेब. रस्त्याकडं तोंड करून."

मी रस्त्याकडं तोंड केलं आणि ती ओळ मराठीत मोठ्यानं वाचली.

"आनखी येकदा."

पिरू अंगणाच्या कडेला सायकलची जुनी धाव काठीनं पळवत होता. मी घसा साफ केला, आणि शंकरला जिवंत मूल नाही, असं पुन्हा एकदा, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं.